धडे तीन, पेशी एकच

शालेय विज्ञानाच्या पुस्तकांत पेशी एका इयत्तेत येते, रोगप्रतिकारशक्ती पुढच्या कुठल्यातरी इयत्तेत आणि आनुवंशिकता त्याच्याही पुढे. मधल्या काळात प्रकाश, ध्वनी, आवर्तसारणी असे कितीतरी धडे होऊन जातात आणि विद्यार्थी जनुकापाशी पोचतो तेव्हा पेशीपटलाची आठवण परीक्षेत काढलेल्या आकृतीपुरतीच उरलेली असते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावी मी बरीच वर्षे नववी ते बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते आहे, आणि माझे ठाम मत असे आहे की हे विषय मुळात अवघड नाहीत. ते एकमेकांपासून तोडून शिकवल्यामुळे अवघड होतात. शरीरात जे काही घडते ते कुठल्या ना कुठल्या पेशीत घडते, ते घडवून आणणारे बहुतेक वेळा एखादे प्रथिन असते आणि ते प्रथिन कसे बनवायचे हे जनुकात लिहिलेले असते. एवढा धागा हातात धरला की तिन्ही धडे एकाच बैठकीत वाचता येतात. माझ्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांचा अभ्यास घेणाऱ्या पालकांसाठी तसा प्रयत्न येथे करते.

पेशीचा इतिहास बहुतेकांना पाठ असतो. १६६५ मध्ये रॉबर्ट हूक यांनी बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, १८३८ आणि १८३९ मध्ये श्लायडेन आणि श्वान यांनी पेशीसिद्धान्त मांडला, आणि नवी पेशी आधीच्या पेशीपासूनच निर्माण होते हे १८५५ मध्ये फिरशो यांनी ठासून सांगितले. मात्र हूक यांना जे दिसले ते मेलेल्या पेशींच्या भित्तिका होत्या, आणि पेशीचे जिवंतपण ज्यावर अवलंबून असते ते पटल त्यांना दिसणे शक्यच नव्हते. हे पटल जेमतेम सात-आठ नॅनोमीटर जाडीचे असते. मेदरेणूंचे दोन थर आणि त्यांत जागोजागी रुतलेली प्रथिने अशी त्याची रचना असते. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातून ते आपल्यालाही दिसत नाही, पण त्याचे काम मात्र डोळ्यांनी पाहता येते.

त्यासाठी ऱ्हिओ या शोभेच्या झाडाचे पान घ्यावे. अनेक घरांच्या अंगणात ते कुंडीत असते. वरून हिरवे आणि खालून जांभळे. पान तिरके फाडले की जांभळ्या बाजूचा पातळ पापुद्रा सुटून येतो. तो काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवून पाहिला तर एकमेकींना चिकटलेल्या षटकोनी पेशी दिसतात आणि त्यांतल्या बहुतेक कडेपर्यंत जांभळ्या रंगाने भरलेल्या असतात. आता झाकणकाचेच्या एका बाजूला मिठाच्या दाट पाण्याचा थेंब सोडावा आणि दुसऱ्या बाजूला टिपकागदाचा तुकडा लावून आधीचे पाणी शोषून घ्यावे. काही मिनिटांत जांभळा रंग प्रथम पेशीच्या कोपऱ्यांतून सुटू लागतो, मग कडांपासून आत सरकतो आणि अखेर प्रत्येक चौकटीच्या मधोमध गडद जांभळा गोळा उरतो. याला प्लाझ्मोलिसिस म्हणतात. या टप्प्यावर मी मुलांना नेहमी एकच प्रश्न विचारते: भित्तिका आणि आक्रसलेला गोळा यांच्या मधल्या रिकाम्या दिसणाऱ्या जागेत काय आहे? बहुतेकांचे उत्तर ‘हवा’ असे येते. तेथे मिठाचे पाणी असते. भित्तिकेने मिठाला आत येऊ दिले आणि पटलाने अडवले, एवढी मोठी गोष्ट त्या मोकळ्या जागेवरून सिद्ध होते. पापुद्रा फार वेळ मिठात राहिलेला नसेल तर साधे पाणी सोडल्यावर रंग पुन्हा कडेपर्यंत पसरतो. तोच पापुद्रा आधी उकळत्या पाण्यातून काढला तर मात्र जांभळा रंग सरळ बाहेर झिरपतो, कारण कोणाला आत घ्यावे आणि कोणाला बाहेर ठेवावे ही निवड करणारे पटल आता शाबूत राहिलेले नसते.

परासरणाची व्याख्या यानंतर पाठ करावी लागत नाही. निवडक्षम पटलातून पाणी कमी संहत द्रावणाकडून अधिक संहत द्रावणाकडे जाते, आणि आपल्याकडे त्याची उदाहरणे पावलोपावली आहेत. खारातली कैरी सुरकुतते ती यामुळेच, आणि खारवलेला बांगडा टिकतो तोही यामुळेच, कारण त्यावर बसणाऱ्या जिवाणूंच्या पेशींतले पाणीही मीठ ओढून घेते. उधाणात बंधाऱ्याला खांड पडून खाडीचे पाणी शेतात शिरले की भात करपते, आणि तेच पाणी रोज दोनदा अंगावर घेणारी तिवराची झाडे हिरवीगार राहतात. तिवराच्या पानांत मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात आणि उन्हाच्या वेळी पानांवर त्याचे कण हाताला लागतात. कांदळ मात्र बरेचसे मीठ मुळांपाशीच अडवते. जिवंत बांगडा समुद्राचे पाणी पितो आणि जास्तीचे मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींमधून बाहेर टाकतो. मुशीने (शार्कने) वेगळाच मार्ग काढला आहे. ती आपल्या रक्तात युरिया साठवून ठेवते, त्यामुळे तिचे रक्त जवळजवळ समुद्राइतकेच संहत राहते आणि पाणी ओढले जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. शिळ्या मुशीला येणारा अमोनियाचा उग्र वास याच युरियाचा असतो.

आपल्या लाल रक्तपेशींना भित्तिका नसते, म्हणून साध्या पाण्यात त्या फुगून फुटतात आणि सुमारे ३.५ टक्के क्षार असलेल्या समुद्राच्या पाण्यात आक्रसतात. सलाइनमध्ये मीठ ०.९ टक्के असते ते याच कारणाने.

पाणी पटलातून ये-जा करते, पण सोडियम, पोटॅशियम यांसारख्या आयनांना त्या मेदाच्या थरांतून वाट मिळत नाही. त्यांच्यासाठी पटलात प्रथिनांचे मार्ग असतात आणि ते नेमक्या वेळी उघडतात, नेमक्या वेळी मिटतात. या मार्गांचे महत्त्व समजून घ्यायला कोकणाइतकी चांगली जागा नाही, कारण येथे लाल विंचू आहे. त्याच्या विषातले काही घटक चेतापेशींवरील सोडियमचे मार्ग वेळेवर मिटू देत नाहीत आणि काही घटक पोटॅशियमचे मार्ग अडवतात. चेतापेशी उद्दीपित होतच राहतात, रक्तात ॲड्रेनॅलिन आणि नॉरॲड्रेनॅलिन यांचा लोंढा येतो, दरदरून घाम सुटतो, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो, हृदयावर विलक्षण ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी भरू लागते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांची वर्षानुवर्षे बारकाईने निरीक्षणे केली आणि प्राझोसिन हे रक्तदाबावरचे औषध या अवस्थेत उपयोगी पडते हे दाखवून दिले. त्यावरचे त्यांचे लेखन १९८०च्या दशकात ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विद्यार्थ्यांनी येथे लक्षात घ्यायचा मुद्दा असा की प्राझोसिन विषाला हातही लावत नाही. रक्तवाहिन्यांच्या स्नायुपेशींवर नॉरॲड्रेनॅलिन जेथे येऊन बसते ती ग्राही प्रथिने ते अडवते, आणि लोंढा आला तरी त्या पेशींपुरता तो निष्प्रभ ठरतो. महाडसारख्या ठिकाणी राहून, रुग्णाच्या उशाशी बसून जागतिक दर्जाचे संशोधन करता येते हेही मुलांना कळावे असे मला मनापासून वाटते.

विषाचा विषय निघाला की मुले फुरशाकडे वळतात. जांभ्या दगडाखाली आणि सड्यावरच्या गवतात सापडणारा हा लहानसा साप रक्ताची गोठण्याची क्षमता संपवतो. सरकारी दवाखान्यांत दिली जाणारी प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते. तिला सगळेजण लस म्हणत असले तरी तिचे काम गोवराच्या लशीहून अगदी वेगळे आहे, आणि हा फरक ज्याला नीट समजला त्याला रोगप्रतिकारशक्तीचा निम्मा धडा समजला. घोड्याला विषाची मात्रा अगदी थोड्या प्रमाणापासून वाढवत नेतात, घोड्याच्या पांढऱ्या पेशी त्या विषाविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे विषाला चिकटून ते निकामी करणारी प्रथिने, तयार करतात, आणि ती प्रतिपिंडे रक्तद्रवातून वेगळी काढून माणसाला देतात. रुग्णाच्या स्वतःच्या पेशी यात काही शिकत नाहीत. उसनी आणलेली प्रतिपिंडे विषाला बांधून टाकतात आणि काही दिवसांत शरीरातून निघून जातात. म्हणूनच गेल्या वर्षी ही लस घेतलेल्या माणसाला या वर्षी पुन्हा फुरसे चावले तर पुन्हा तितक्याच तातडीने दवाखाना गाठावा लागतो. इतकेच काय, घोड्याचे प्रथिन शरीराला परके असल्यामुळे त्याची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, आणि म्हणून हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच दिले जाते. उसन्या प्रतिपिंडांची ही कल्पना बेरिंग आणि कितासातो यांनी १८९० मध्ये धनुर्वात आणि घटसर्प यांच्यासाठी मांडली, आणि वैद्यकातले पहिले नोबेल पारितोषिक १९०१ मध्ये बेरिंग यांना त्याच कामाबद्दल मिळाले.

खरी लस शरीराला प्रतिपिंडे देत नाही, प्रतिजन देते, म्हणजे ज्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात तो परका घटक. आपल्या रक्तात आणि लसीकाग्रंथींत अगणित बी-लसीकापेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) असतात आणि त्यांतली प्रत्येक पेशी आपल्या पटलावर एकाच प्रकारचे प्रतिपिंड बाळगते. प्रतिजन शरीरात आला की ज्या थोड्या पेशींची प्रतिपिंडे त्याच्याशी जुळतात त्यांचेच विभाजन सुरू होते. काही प्रतिपिंडे तयार करण्याच्या कामाला लागतात आणि काही स्मृतिपेशी म्हणून वर्षानुवर्षे टिकतात. एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ मध्ये गाईच्या देवीचा वापर केला तेव्हा यातले काहीही कोणाला माहीत नव्हते, तरीही उपाय लागू पडला. भारतात ही लस प्रथम टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. पुढे १८९७ मध्ये त्याच मुंबईत प्लेगची साथ चालू असताना वाल्डेमार हाफकिन यांनी मारलेल्या जिवाणूंपासून केलेली लस आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

स्मृतिपेशींचा आधार नसेल तर प्रतिपिंडे पुरेशी तयार व्हायला काही दिवस जावे लागतात, आणि पावसाळ्यात याचा प्रत्यक्ष अनुभव आपल्याकडे घरोघरी येतो. लावणीच्या दिवसांत चिखलात उभे राहून भेगा पडलेल्या पायांतून लेप्टोस्पायराचे जिवाणू शरीरात शिरतात. उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून ते पाण्यात आलेले असतात. ताप आल्याच्या दुसऱ्याच दिवशी प्रतिपिंडांची चाचणी केली आणि ती नकारार्थी आली म्हणजे लेप्टो नाही, असा निष्कर्ष अनेक जण काढतात. तो धोक्याचा आहे. चाचणी जिवाणूला शोधत नसून आपल्या पेशींनी दिलेल्या प्रतिसादाला शोधत असते, आणि तो प्रतिसाद दिसू लागायला साधारण आठवडा लागतो. त्यामुळे लक्षणांवरून शंका असेल तर डॉक्टर अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करतात. एकदा लेप्टो झालेल्याला तो पुन्हा होऊ शकतो, कारण या जिवाणूचे अनेक उपप्रकार आहेत आणि एकाची स्मृती दुसऱ्याच्या वेळी पुरेशी कामी येत नाही.

आता जनुके. येथे मी वाटाण्यापासून सुरुवात न करता हापूसपासून करते. हापूसचा बाठा पेरला तर हापूस येत नाही, रायवळ येतो, हे कोकणातल्या लहान मुलालाही ठाऊक असते, पण त्याचे कारण विचारले तर बारावीचा विद्यार्थीही अडखळतो. आंब्याच्या प्रत्येक पेशीत, जनुके ज्यांवर असतात अशी, ४० गुणसूत्रे असतात. फुलात अर्धगुणसूत्री विभाजन होते तेव्हा परागात २० आणि बीजांडात २० अशी ती वाटली जातात, आणि कोणत्या जोडीतले कोणते गुणसूत्र कोठे जाईल हे प्रत्येक वेळी नव्याने ठरते. माशी किंवा दुसरा एखादा कीटक कोणत्या झाडाचा पराग घेऊन आला याचाही नेम नसतो. त्यामुळे बाठ्यातला गर्भ ही पूर्वी कधीही नसलेली नवी जुळणी असते. आंब्याच्या काही जातींच्या बाठ्यांत आईच्याच ऊतींपासून आलेले अनेक गर्भ असतात आणि त्यांची रोपे आईसारखीच निपजतात, पण हापूस त्यांतला नाही. कलम बांधताना आपण रायवळाच्या खुंटावर हापूसची काडी बसवतो, आणि ती काडी वाढते ती सूत्री विभाजनाने, म्हणजे गुणसूत्रांची हुबेहूब नक्कल करून. खुंटाच्या पेशी खुंटाच्याच राहतात आणि काडीच्या काडीच्याच. सांध्याच्या खाली फुटलेला धुमारा बागायतदार लगेच काढून टाकतो, कारण त्याला लागणारे फळ रायवळ असणार.

मग देवगडचा हापूस आणि रत्नागिरीचा हापूस चवीला वेगळे का लागतात? जनुके बहुतांशी तीच असली तरी कातळ, माती, खारा वारा आणि पाऊस यांनुसार त्या जनुकांचे काम कमीअधिक होते, आणि दिसणारा गुण हा नेहमी या दोहोंचा मिळून असतो. सगळ्या बागांत एकाच झाडाच्या नकला असण्याची दुसरी बाजू म्हणजे उणिवाही सगळीकडे त्याच असतात. साका हे त्याचे उदाहरण. फळ बाहेरून निर्दोष दिसते आणि कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा, आंबूस गर निघतो. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून निवडलेली आणि १९८१ मध्ये प्रसारित झालेली ‘रत्ना’ ही जात साक्यापासून मुक्त आहे. ज्या सरमिसळीमुळे बाठ्यातून हापूस मिळत नाही, त्याच सरमिसळीतून रत्ना मिळाला. रातांब्याच्या रोपांचीही अशीच कथा आहे: झाडे नर आणि मादी अशी वेगळी असतात, बीपासून केलेले रोप नर की मादी हे काही वर्षांनी फुलोरा आल्यावरच समजते, आणि म्हणून मादी झाडाची कलमे लावली जातात.

मेंडेल यांच्याकडे आता वळता येते. त्यांच्या वाटाण्यांच्या दुसऱ्या पिढीत ५,४७४ दाणे गोल आणि १,८५० सुरकुतलेले निघाले, गुणोत्तर २.९६ ला १. हे काम त्यांनी १८६५ मध्ये मांडले आणि १९०० पर्यंत त्याची फारशी कोणी दखल घेतली नाही. गोलपणा प्रभावी आणि सुरकुती अप्रभावी, एवढे सांगून पुस्तके थांबतात. पण दाणा मुळात सुरकुततो का? याचे उत्तर १९९० मध्ये मिळाले, आणि जीवशास्त्रातल्या मला सर्वांत आवडणाऱ्या गोष्टींपैकी ती एक आहे. वाटाण्यात स्टार्चच्या साखळीला फांद्या जोडणारे एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, असते. त्या विकराच्या जनुकात डीएनएच्या सुमारे ८०० अक्षरांचा एक परका तुकडा घुसला की विकर निकामी होते. मग साखरेचे स्टार्चमध्ये रूपांतर नीट होत नाही, दाण्याच्या पेशींत साखर साठते, साखरेमुळे परासरणाने जास्त पाणी आत येते, दाणा टम्म फुगतो आणि वाळताना एवढे पाणी गमावतो की साल आक्रसून तिला घड्या पडतात. ऱ्हिओच्या पेशींतून पाणी बाहेर काढणारी जी क्रिया, तिचाच हाही परिणाम. प्रभावी म्हणजे बलवान नव्हे हेही येथे स्पष्ट होते. ज्या दाण्यात जनुकाची एक प्रत चांगली आणि एक बिघडलेली असते, त्यात एका प्रतीपासून तयार होणारे विकर दाणा गोल ठेवायला पुरते, एवढाच प्रभावी या शब्दाचा अर्थ. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर अशा दाण्यातले स्टार्चचे कण दोन्ही प्रकारांच्या मधले दिसतात.

शेवटचे उदाहरण रक्तगटाचे, आणि त्यात पेशी, प्रतिपिंड आणि जनुक तिन्ही एकत्र येतात. गावात रक्तगट तपासणीचे शिबिर लागले की मी मुलांना ती पांढरी फरशी जवळून पाहायला सांगते. बोटाच्या टोकातून घेतलेल्या रक्ताचे तीन थेंब, एकावर निळसर द्रव, दुसऱ्यावर पिवळा, तिसऱ्यावर रंगहीन. काडीने ढवळून फरशी हलकेच झुलवली की एखाद्या थेंबात रवा पडावा तशा गाठी होतात आणि दुसरा थेंब एकसारखा लाल राहतो. निळ्या द्रवात ए प्रतिजनाविरुद्धची प्रतिपिंडे असतात, पिवळ्यात बी प्रतिजनाविरुद्धची, आणि तिसरा थेंब आरएचसाठी, म्हणजे गट पॉझिटिव्ह की निगेटिव्ह हे पाहण्यासाठी. ही प्रतिजने म्हणजे लाल रक्तपेशीच्या पटलावरच्या शर्करांच्या लहान साखळ्या. साखळीच्या टोकाला फ्युकोज ही शर्करा जोडली की तिला एच प्रतिजन म्हणतात. त्यावर एका प्रकारचे विकर आणखी एक शर्करा जोडते आणि ए तयार होतो. थोड्या वेगळ्या प्रकारचे विकर वेगळी शर्करा जोडते आणि बी तयार होतो. ही दोन विकरे ३५४ अमिनो आम्लांपैकी अवघ्या चार ठिकाणी वेगळी आहेत. ओ गटाच्या बहुसंख्य लोकांत त्याच जनुकातले एक अक्षर गळालेले असते, त्यापुढचे सगळे वाचन बिघडते, विकर बनत नाही आणि एच तसाच उघडा राहतो. आपल्या आतड्यांतल्या जिवाणूंवरही अशाच शर्करा असल्यामुळे तान्हेपणीच आपल्या लसीकापेशी त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू लागतात, मात्र जी शर्करा स्वतःच्या पेशींवर आहे तिच्याविरुद्ध करत नाहीत. ए गटाच्या माणसाच्या रक्तात बी-विरोधी प्रतिपिंडे असतात ती यामुळे.

१९५२ मध्ये मुंबईच्या डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे रक्त नोंदवले की जे फरशीवर ओ दिसत होते, पण ओ गटाच्या रक्ताशीही जुळत नव्हते. त्यालाच आज जगभर बॉम्बे रक्तगट म्हणतात. या लोकांत फ्युकोज जोडणाऱ्या विकराच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात, त्यामुळे एच तयारच होत नाही. मांडवच घातला नाही तर वेल कशावर चढणार? ए किंवा बी करणारे विकर शरीरात असले तरी शर्करा जोडायला त्याला जागा नसते. आणि स्वतःच्या पेशींवर एच नसल्यामुळे या लोकांच्या लसीकापेशी एचलाही परका मानतात. सर्वांना चालते असे समजले जाणारे ओ गटाचे रक्त त्यांना दिले, तर त्यावर भरपूर असलेल्या एचमुळे ते शरीरात नष्ट होते आणि रुग्णाच्या जिवावर बेतते. म्हणून रक्तपेढीत पेशींची तपासणी करून थांबत नाहीत; रुग्णाचा रक्तद्रव ओ गटाच्या पेशींशी मिसळूनही पाहतात, आणि तेथे गाठी झाल्या की हा गट ओळखू येतो.

ए, बी, ओ ठरवणारे जनुक नवव्या गुणसूत्रावर आहे आणि एचचे जनुक एकोणिसाव्यावर, त्यामुळे दोन्ही स्वतंत्रपणे पुढच्या पिढीत जातात. समजा वडिलांचा गट बॉम्बे आहे पण त्यांच्याकडे ए करणारे जनुक आहे, आणि आई साध्या ओ गटाची आहे. आईकडून चांगले एच जनुक मिळाल्यामुळे मुलाचा गट ए येऊ शकतो, आणि कागदावर मात्र आईवडील दोघेही ओ दिसतात. अशा अहवालावरून घरात आईबद्दल संशय घेतला जाणे हा घोर अन्याय आहे, आणि तो टाळायला दहावीपुरते जीवशास्त्र पुरेसे आहे.

मुंबईसाठी या गटाचे प्रमाण साधारण दहा हजारांत एक असे सांगतात. हार्डी आणि वाइनबर्ग यांच्या १९०८ च्या नियमाने पाहिले तर दोन्ही प्रती बिघडलेल्या असण्याचे प्रमाण हा बिघडलेल्या प्रतीच्या प्रमाणाचा वर्ग असतो, म्हणून त्या प्रतीचे प्रमाण त्याचे वर्गमूळ म्हणजे शंभरात एक येते, आणि एकच प्रत बाळगणारे लोक जवळजवळ पन्नासांत एक. ते स्वतः ए, बी, एबी किंवा ओ गटाचे असतात आणि त्यांना याचा पत्ताही नसतो. हे गणित विवाह कोणाचेही कोणाशीही होतात असे धरून केलेले आहे; जवळच्या नात्यात, मामेबहिणीशी वगैरे लग्ने होत असतील त्या समाजात दोन बिघडलेल्या प्रती एकत्र येण्याची शक्यता वाढते.

अशा गटाचे रक्त मिळणे अर्थातच कठीण असते. शीतकपाटात लाल पेशी फार तर ३५ ते ४२ दिवस टिकतात. ग्लिसरॉल मिसळून अतिशीत तापमानात त्या दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात, पण वापरताना ते ग्लिसरॉल आधी दाट आणि मग क्रमाक्रमाने पातळ मिठाच्या द्रावणाने धुवून काढावे लागते, कारण एकदम पातळ द्रावण घातले तर पाणी आत घुसून पेशी फुटतात. ही सोय मोजक्याच ठिकाणी असल्यामुळे बॉम्बे गटाचा रुग्ण आढळला की सर्वप्रथम त्याच्या सख्ख्या भावंडांचे रक्त तपासतात. आईवडील दोघेही एकेक बिघडलेली प्रत बाळगणारे असतील तर प्रत्येक भावंडाचा गट तोच असण्याची शक्यता चारांत एक असते, आणि ती प्रत्येकासाठी स्वतंत्र असते. आधीच्या मुलाला मिळाला म्हणून पुढच्याची शक्यता कमी होत नाही. तीन भावंडे असतील तर तिघांपैकी एकाचाही गट न जुळण्याची शक्यता ६४ मध्ये २७, म्हणजेच निदान एक तरी जुळण्याची शक्यता ६४ मध्ये ३७, सुमारे ५८ टक्के येते.